‘त्याचं हे असंच’ म्हणण्याआधी

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या आहेत. त्यांच्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मजात बौद्धिक अक्षमता आणणारी स्थिती, आहे. तो 34 वर्षांचा आहे, मोजके शब्द बोलतो, बाकी खुणांनी भागवतो. वडील पूर्वीच गेले. आई मागच्या वर्षी गेली, तेव्हापासून तो ताईंकडे राहतो. आईबद्दल त्याला ‘ती बाहेरगावी गेली आहे’ असं सांगितलंय, कारण मृत्यू त्याला कळणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं. गेले चार महिने तो उजव्या गालावर थपडा मारून घेतो, रात्री उठून बसतो, जेवताना घास तोंडातून काढून टाकतो आणि इतकी वर्षं आवडीनं जायचा त्या कार्यशाळेत जायला नकार देतो. नेहमीच्या डॉक्टरांनी ‘या मुलांचं वय वाढलं की असं होतंच’ म्हणून मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे शांत राहण्याची गोळी सुरू झाली, मग वाढवली गेली. आता तो दिवसभर पेंगतो, थपडा मात्र चालूच आहेत. दवाखान्यात तो बसत नाही, तोंड उघडत नाही. एका निवासी संस्थेत जागा रिकामी आहे. ती सोडू नये, असं ताईंच्या पतींना वाटतं आणि महिनाभरात उत्तर कळवायचं आहे. ‘त्याला कुठे ठेवू नकोस’ असं आईनं सांगितलं होतं. ताई विचारतात: गोळी आणखी वाढवून घ्यावी, की त्याला संस्थेत ठेवावं?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडले. ‘उजव्या’. चिडून स्वतःला मारून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण चार महिने एकाच गालावर मारून घेणाऱ्या माणसाचं तोंड उघडून कुणी पाहिलं का, कानात बॅटरी मारून कुणी पाहिलं का, हे पत्रात कुठेच नाही. तपासणी झाली असेल आणि तुम्ही लिहिली नसेल, तर माफ करा. पण माझा अंदाज आहे की झालेली नाही.

मी मानसशास्त्राची माणूस आहे, इथे बसून तुमच्या भावाचं निदान करणार नाही. तरी एक गोष्ट ठामपणे सांगते. गोळी की संस्था, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवा. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं वागणं अचानक बदललं, तर त्याला काहीतरी दुखतंय असं धरून चालायचं आणि तसं नाही हे तपासून सिद्ध होईपर्यंत तेच धरून चालायचं. आपण नेमकं उलट करतो. आधी स्वभाव, मग वय, मग अपंगत्व, आणि शरीर सगळ्यात शेवटी.

ही तुमच्या डॉक्टरांची एकट्याची चूक नाही. 1982 मध्ये स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की लक्षणं तीच असली, तरी रुग्णाला बौद्धिक अक्षमता आहे असं कळलं की तज्ज्ञ मंडळी मानसिक त्रासाचं निदान कमी वेळा करतात. सगळं त्या अक्षमतेच्या खात्यावर जमा होतं. डॉक्टर मंडळी याला ‘डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हणतात, आणि शरीराच्या दुखण्यांचंही तेच होतं. इंग्लंडमध्ये अशा माणसांच्या मृत्यूंची सविस्तर चौकशी झाली, तिचा अहवाल 2013 मध्ये आला. पुरुष इतरांपेक्षा सरासरी 13 वर्षं आणि स्त्रिया 20 वर्षं आधी गेल्या होत्या. कारणांमध्ये निदानाला झालेला उशीर आणि उपचारातल्या त्रुटी ठळक होत्या. एका श्रीमंत देशाची ही गोष्ट आहे. तेव्हा ‘असं होतंच’ हे वाक्य कानावर पडलं की तुम्ही नम्रपणे, पण तिथल्या तिथे विचारा: ‘हाच त्रास तुमच्या नेहमीच्या एखाद्या पेशंटला झाला असता, तर तुम्ही काय काय तपासलं असतं?’

आता तुमच्या भावाकडे येते. घास तोंडातून काढणं, एकाच गालावर मारणं आणि रात्री उठून बसणं या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की सगळ्यात आधी दातांकडे लक्ष जातं. डाउन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे आजार लवकर आणि जोरात होतात. दाढेचा ठणका आडवं झाल्यावर वाढतो, हे तुम्हीही कधी ना कधी सोसलं असेल. दुसरा संशय कानाचा. या मंडळींच्या कानाची नळी अरुंद असते, मळ घट्ट बसतो, संसर्ग होतो आणि ऐकूही कमी येतं. ऐकू न आल्यानं हाकेला ओ न देणारा माणूस ‘हट्टी झालाय’ म्हणून ओळखला जातो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

झोपेचं वेगळं पाहा. तो घोरतो का? घोरता घोरता श्वास अडकून दचकतो का? बसून किंवा मान मागे टाकून झोपतो का? झोपेत श्वास अडकण्याचा विकार डाउन सिंड्रोममध्ये फार आढळतो, आणि झोप आणणाऱ्या गोळ्यांनी किंवा वाढत्या वजनानं तो बळावू शकतो. रात्री दहा-पंधरा मिनिटं मोबाइलवर त्याच्या झोपेचा व्हिडिओ काढा, आवाज नीट येईल असा. दवाखान्यात दिवसा, जागा असलेल्या माणसाकडे पाहून डॉक्टरांना जे कळणार नाही, ते त्यात दिसेल.

पोटाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी मुद्दाम बोलते. बद्धकोष्ठ या लोकांमध्ये खूप असतं आणि दुर्लक्ष झालं तर ते जिवावर बेतू शकतं. रोज थोडं थोडं होतंय म्हणजे पोट साफ आहे असं समजू नका. कपडे पातळ शौचानं खराब होत असतील, तर आत घट्ट मळ अडकून त्याच्या कडेनं पातळ झिरपत असण्याची शक्यता असते. घरचे त्याला जुलाब समजतात आणि जुलाब थांबवायचं औषध देतात, म्हणजे आगीत तेल. तुमच्या भावाला दिलेल्या प्रकारच्या गोळ्यांनीही बद्धकोष्ठ वाढतं, हे लक्षात असू द्या.

थायरॉइडची रक्ततपासणी डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येकाची दरवर्षी व्हायला हवी. थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त होतो, उदास दिसतो, कामातून मन काढून घेतो. डोळेही तपासून घ्या, यांना मोतीबिंदू लवकर होऊ शकतो. पायरीवर घुटमळणं किंवा कार्यशाळेतलं बारीक काम टाळणं यामागे नुसतं कमी दिसणंही असू शकतं.

‘वय वाढलं की’ यात डॉक्टरांच्या मनात बहुधा स्मृतिभ्रंश असेल. त्यात तथ्य आहे, पण तुमच्या भावाच्या बाबतीत घाई आहे. अल्झायमरशी संबंध असलेल्या अमायलॉइड प्रथिनाचं जनुक 21 व्या गुणसूत्रावर असतं आणि डाउन सिंड्रोममध्ये त्या गुणसूत्राची प्रत जास्तीची असते, म्हणून यांना अल्झायमर इतरांच्या बराच आधी गाठतो. पण हे साधारण चाळिशीनंतर, बहुतेकांमध्ये पन्नाशीच्या आसपास दिसू लागतं. 34 व्या वर्षी कुणी स्मृतिभ्रंश म्हणालं, तर दात, कान, थायरॉइड, झोप आणि मन ही बरी होऊ शकणारी कारणं संपल्याशिवाय ते मान्य करू नका.

गोळी वाढवायची का, या प्रश्नाचं माझं उत्तर: तपासण्या होईपर्यंत वाढवून घेऊ नका, आणि स्वतःहून बंदही करू नका. अशी औषधं एकदम तोडली तर त्रास होऊ शकतो, कमी करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं आणि टप्प्याटप्प्यानं. त्यांना चार गोष्टी विचारा आणि उत्तरं तिथेच लिहून घ्या. ही नेमकी कशासाठी आहे? उपयोग होतोय हे आपण कशावरून ठरवायचं? झाला नाही तर किती दिवसांनी कमी करायची? तोवर वजन, साखर आणि पोट यांवर लक्ष कोण ठेवणार? 2008 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. बौद्धिक अक्षमता आणि आक्रमक वागणूक असलेल्या 86 प्रौढांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना हॅलोपेरिडोल (दोन्ही शांत करणारी औषधं) आणि काहींना नुसती खोटी गोळी दिली. तिन्ही गटांत आक्रमकता कमी झाली आणि खोटी गोळी औषधांपेक्षा मागे पडली नाही. याचा अर्थ औषधं कुणालाच लागत नाहीत असा नाही. मनाचा आजार खरोखर असेल तर ती लागतात आणि गुणही येतो. पण थपडा हे दुखण्याचं लक्षण असेल, तर पेंगुळलेल्या माणसाची दाढ दुखायची थांबत नाही. तुमच्या घरात आत्ता नेमकं हेच चाललेलं असावं.

दवाखान्यात तो बसत नाही, तोंड उघडत नाही, ही अडचण पत्रात आहेच. इथे थोडी पूर्वतयारी कामी येते. आधी फोन करून परिस्थिती सांगा आणि पहिला नाहीतर शेवटचा नंबर मागा. वाट पाहायची ती बाहेर मोकळ्यावर पाहा. घरी आरशासमोर दोघांनी तोंड उघडून आत बॅटरी मारायचा खेळ रोज करा, आधी तुमच्या तोंडात, मग त्याच्या. दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्या खेपेला फक्त खुर्चीत बसून यायचं, एवढंच ठरवा. डॉक्टर तुमच्याशीच बोलू लागले तर ‘त्यालाच विचारा, मी मदत करते’ म्हणा.

इतकं करूनही तपासणी जमली नाही, तर भूल देऊन दात तपासण्याची सोय मोठ्या रुग्णालयांत असते. भूल द्यायचं ठरलंच, तर त्याच भुलेत कानातला मळ काढणं, रक्त घेणं आणि डोळे पाहणं होईल का, हे आधीच विचारा. एकेका गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा भूल द्यायला नको. भूलतज्ज्ञांना तो झोपेत घोरत असेल तर ते सांगा, हृदयाचं जुनं दुखणं असेल तर तेही. शिवाय मानेची आठवण करून द्या: डाउन सिंड्रोममध्ये मानेतले वरचे दोन मणके सैल असू शकतात. याच कारणानं, चाल अचानक अडखळायला लागली, हातापायातली ताकद कमी झाली, मान वाकडी धरायला लागला किंवा लघवीवरचा ताबा नव्यानं गेला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, लगेच जायचं. पोट फुगून उलट्या होणं, पाणीही न पिणं, आणि या गोळ्या चालू असताना ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ होणं, यांनाही तोच नियम.

आज रात्री एक कागद मात्र करा. इंग्लंडमधल्या रुग्णालयांत याला ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ म्हणतात, आपण नाव काहीही देऊ. एकच पान, त्याच्या बाजूनं लिहिलेलं. ‘मला दुखलं की मी गप्प होतो आणि डावा अंगठा चावतो. पाठीमागून हात लावला की मी घाबरतो. दुखतंय का असं विचारलं तर मी प्रत्येक वेळी हो म्हणतो, म्हणून चित्रावर बोट ठेवायला सांगा. गोळी पाण्याबरोबर गिळता येत नाही. मला शांत करायचं असेल तर घड्याळ दाखवा.’ हे मी नमुन्यादाखल लिहिलंय, त्याचं खरं काय ते तुम्हीच लिहू शकता. खाली चालू औषधं, ॲलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया. सोबत दोन आठवड्यांची वही: थपडा किती वाजता, त्याआधी काय झालं, जेवणाआधी की नंतर, शौचाला कधी झालं, झोप किती. दुखण्यावरची साधी गोळी डॉक्टरांना विचारून दिली आणि त्या रात्री थपडा कमी झाल्या, तर तेही लिहा. तशी एक नोंद डॉक्टरांना कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त सांगून जाते.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडं. सेरेब्रल पाल्सी असेल तर गिळण्याचा त्रास आणि छातीतली जळजळ पाहा. घास श्वासनळीत जाऊन पुन्हा पुन्हा छातीत कफ होत असतो आणि घरचे त्याला सर्दी समजत बसतात. फिट येत असतील तर औषध बदलल्याची तारीख आणि वागणं बदलल्याची तारीख शेजारी शेजारी लिहून पाहा. मुलगी किंवा बहीण असेल तर महिन्याच्या तारखाही वहीत घ्या. स्तनांच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या तपासण्या ‘तिला कशाला’ म्हणून टाळू नका.

आणखी एक शक्यता मी लिहू की नको असा विचार करत होते. आवडीच्या जागी जायला अचानक नकार मिळतो, तेव्हा तिथे कुणी त्याला मारतंय, छळतंय किंवा नको तिथे हात लावतंय का, हेही पाहावं लागतं. आरोप करायला जाऊ नका. एखाद्या दिवशी न सांगता जाऊन बसा, तिथे कोण नवीन आलंय ते विचारा, आंघोळीच्या वेळी अंगावर खुणा आहेत का ते पाहा.

आता आईबद्दल. तुमच्या भावाची आई गेली, घर गेलं, खोली गेली, रोजची वेळ गेली, आणि या सगळ्याचं कारण त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी आई न सांगता निघून गेली आणि अजून आली नाही. मृत्यू त्याला कळणार नाही, हे तुम्ही सगळ्यांनी मायेनंच ठरवलंत. पण तो आईशिवाय राहतोय, म्हणजे त्यातला अवघड भाग तो रोज अनुभवतोच आहे. लंडनच्या शीला हॉलिन्स यांनी एका सहकाऱ्याबरोबर केलेला आणि 1997 मध्ये छापून आलेला अभ्यास असंच सांगतो: आई किंवा वडील गमावलेल्या बौद्धिक अक्षम प्रौढांमध्ये वागण्याचे आणि मनाचे त्रास जास्त होते, पण सांभाळणाऱ्यांनी त्यांचा संबंध त्या मृत्यूशी जोडलाच नव्हता.

त्याला सांगा. सोप्या शब्दांत, दिवसा, तुम्ही दोघंच असताना. ‘आई खूप आजारी होती. आई मेली. आता ती परत येणार नाही. मी इथे आहे.’ ‘झोपली’ म्हणू नका, मग त्याला झोपायचीच भीती वाटेल. ‘देवाकडे गेली’ म्हटलंत तर तो तिकडे जायचा हट्ट धरेल, आणि त्याचं चुकणार नाही. आईचा फोटो आणि तिची एखादी वापरातली वस्तू त्याच्याजवळ राहू द्या. तो तेच पुन्हा विचारेल, तुम्ही तेच उत्तर द्या. कदाचित रडेल, चिडेल, काही दिवस थपडा वाढतीलही. तो शोक असेल, आणि तो त्याच्या वाट्याचा आहे.

मग निवासी संस्था. आईला दिलेल्या शब्दाचा तुमच्यावर फार भार आहे. आईनं ‘कुठे ठेवू नकोस’ म्हटलं, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बहुधा टाकून दिलेली माणसं असावीत. चांगल्या जागी, स्वतःच्या वयाच्या लोकांत, स्वतःचं कपाट असलेलं आयुष्य म्हणजे टाकून देणं नव्हे. ते चुकीचंही नाही आणि कमीपणाचंही नाही. तुमच्या पतींना मी या गोष्टीत खलनायक मानत नाही. चार महिने रात्रीची झोप मोडलेल्या माणसाला मार्ग हवा असणं साहजिक आहे. माझा आक्षेप फक्त वेळेला आहे. दुखणं न शोधता त्याला तिथे पाठवलंत, तर थपडाही त्याच्याबरोबर जातील. तिथली माणसं त्याला ओळखत नाहीत, म्हणजे ‘हा असाच आहे’ हा शिक्का पहिल्याच आठवड्यात बसेल. त्यातून आईची बातमी कळलेली नसताना बहिणीचंही घर सुटलं, तर त्याच्या मनात काय हिशेब होईल, याचा विचार करा.

महिन्याची मुदत असली तरी संस्थेला सरळ लिहा की वैद्यकीय तपासण्या चालू आहेत, दोन महिने द्या. चांगली संस्था याचा राग धरणार नाही. जागा गेली तर गेली. दरम्यान पतींशी बसून नेमकं काय सोसवत नाही ते ठरवा: रात्री, रविवार, की पैसा? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. रात्री असतील तर आठवड्यातल्या काही रात्री पगारी मदतनीस, रविवार असतील तर एखादा नातेवाईक, नाहीतर काही दिवसांपुरती राहण्याची सोय देणारी संस्था. कायमचं घर किंवा कायमची संस्था, यांच्या मध्ये बरंच काही असतं. आणि हे सगळं सोसणाऱ्या तुमच्या तपासण्या कधी झाल्या होत्या, तेही एकदा पाहा.

निर्णयात त्यालाही घ्या. 2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं 25 वं कलम आरोग्यसेवा इतरांच्या तोडीची मिळावी असं सांगतं, आणि 12 वं कलम असं की निर्णय घेण्यासाठी लागेल ती मदत देऊन माणसाचा निर्णय त्यालाच घेऊ द्यावा. तुमच्या घरापुरता याचा अर्थ साधा आहे: जागेचे फोटो दाखवायचे, एकदा नुसतं चहापाण्यापुरतं जायचं, मग दिवसभर, मग एक रात्र, आणि परत आल्यावर त्याचा चेहरा, झोप आणि भूक वाचायची.

संस्था पाहायला गेलात तर बाग आणि भिंतीवरची चित्रं कमी पाहा. रात्री कोण जागं असतं आणि किती जणांमागे, ते विचारा. रात्री दोन वाजता एखाद्याच्या पोटात दुखलं तर दवाखान्यात कोण नेतं? औषधं दिल्याची नोंदवही पाहायला मागा आणि तिच्यातला कालचा दिवस वाचा. मदतनीस साधारण किती काळ टिकतात, न सांगता भेटायला आलेलं चालतं का, शेवटची दंततपासणी कधी झाली, किती जण शांत राहण्याच्या गोळीवर आहेत, हे सगळं विचारायचं. शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा माणूस चिडला, तर नोंदवही बंद करून घरी या. आणि पहिल्या मुक्कामाच्या रात्रीच तो एक पानाचा कागद त्याच्या पिशवीत वरच्या वर ठेवा, आणि दुसरी प्रत रात्रपाळीच्या माणसाच्या हातात द्या.